मृदंगाचा मुराळी

ज्वारी काढणीला आली की माझे हात जागेवर राहत नाहीत. परवा सून म्हणाली, "मामा, ठेवा की ते ताट खाली, किती वाजवून राहिले!" तेव्हा माझ्या लक्षात आलं. भाकरी कधीच संपली होती आणि रिकामं ताट मांडीवर आडवं धरून मी ठेका देत बसलो होतो. एरवीही मी चुळबुळ्याच, पण सुगीत जरा अतीच होतं. कणगी दिसली की कणगीवर, खांब दिसला की खांबावर, काहीच नसलं तर स्वतःच्या गुडघ्यावर. एकदा डॉक्टर माझी नाडी बघत होते आणि माझी बोटं त्यांच्याच मनगटावर चालली होती. म्हातारपणी माणूस निवतो म्हणतात. मी काही निवलो नाही.

या दिवसांतली हवाच तशी. सकाळी घोंगडी सोडवत नाही आणि दुपारी अंगातला सदरा नकोसा होतो. रानात वाळलेली धांडं एकमेकांना घासत राहतात, दिवसभर सळसळ, सळसळ. खळ्यावर कणसं मळायला घेतली की बारीक कूस उडते, मानेत शिरते, बोटांच्या बेचक्यांत शिरते, आणि माणूस खाजवून बेजार होतो. बांधावर पळस फुललेला असतो, पण उभं राहून बघायला सवड कुणाला? पाखरांना घाई, बैलांना घाई, बायकांना घाई. याच घाईत आमच्या भागात सप्ते बसायचे. दाणा कणगीत पडायच्या आत सात दिवस भजन-कीर्तन झालं पाहिजे, असं दर गावाला वाटे. दर गावाला याच पंधरवड्यात सप्ता हवा, आणि दर गावात मृदंग नव्हता. सगळ्याचं मूळ एवढंच आहे.

मागच्या वर्षी हिंगोलीला एका लग्नात गाण्याच्या दोन पार्ट्या आल्या होत्या, ड्रमचा संच मात्र एकच. पहिल्या पार्टीचा वादक उठला, काड्या खिशात घालून बाजूला झाला. दुसरा आला, त्यानं स्टूल जरा पुढं ओढलं, एक तबकडी खाली घेतली आणि लागला वाजवायला. ना मान, ना पान, ना रुसवा. मी पंगत सोडून त्या पहिल्या वादकाकडंच बघत राहिलो. तो सरबताचा ग्लास घेऊन पाठमोरा उभा होता, जसं काही त्याला या गोंगाटाशी देणंघेणंच नाही. पण त्याची टाच जमिनीवर चालू होती, दुसऱ्याच्या प्रत्येक ठोक्याला. मला फार बरं वाटलं. म्हटलं, लेका, तुझ्याही पोटात दुखतंय तर!

माझ्या पोटात दुखलं ते मोगलाईतल्या, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या, एका सुगीत. मी तेव्हा बाविशीतला, लग्न झालेला, दोन बैलांचा धनी. आमचं गाव जवळा बाजारच्या अलीकडं, नदीकाठी. गावात मृदंग एकच, किसननानांचा. नानांना मूलबाळ नव्हतं आणि संधिवातानं बोटं वाकडी झाल्यापासून त्यांचं वाजवणंही सुटलं होतं. मला मृदंग शिकवला तो त्यांनीच, ओसरीवर बसवून, चुकलं की चिलमीनं पाठीत टोचून. मृदंगाला ते पोरगी म्हणायचे. परगावचे लोक सप्त्यासाठी मागायला आले आणि "नाना, मृदंग द्या" म्हणाले, तर नाना ऐकू न आल्यासारखं करत. "पोरगी पाठवा" असं म्हणावं लागे. मग ते विचारत, "कधी, किती दिवस?"

आणि पोरगी एकटी जात नसे. सासरी गेलेल्या लेकीला आणायला जो भाऊ जातो त्याला मुराळी म्हणतात. नानांच्या मृदंगाबरोबरही मुराळी जाई. त्यानं मृदंगाशेजारी बसायचं, त्याला ऊन-पाणी लागू द्यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे डाव्या अंगाला कणीक लावायची. मृदंगाचं उजवं अंग शाईचं असतं, ते कायमचं. डाव्या अंगाला दर वेळी गव्हाची भिजवलेली कणीक थापतात, तेव्हा त्यातून घुमारा निघतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. नाना सात दिवस पुरेल एवढी कणीक मुराळ्याबरोबर पिशवीत देत आणि शेवटच्या दिवशीची खरवड परत मागवत. तिचा गोळा बोटांत कुस्करून बघत, मग गायीला घालत. पोरगी कशी नांदली ते त्यांना त्यावरून कळे म्हणे. मुराळ्याला एकच गोष्ट मना होती. त्यानं वाजवायचं नाही. लेकीला आणायला गेलेला भाऊ तिच्या चुलीशी बसतो का?

त्या वर्षी तीन कोसांवरच्या हट्टा गावच्या मृदंगाची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, फाटली होती आणि तो परभणीला दुरुस्तीला गेला होता, म्हणून त्यांनी नानांची पोरगी मागितली. नेहमीचे मुराळी दगडूमामा तापानं पडले होते. नाना म्हणाले, "तू जा."

"मी? नाना, मी वाजवणारा माणूस. सात दिस नुसता बसून काय करू?"

"बसायला शिक. तुझ्या बुडाखाली काय मुंग्या हाईत?"

मुंग्या होत्याच. शिवाय मनात दुसरीही एक गोष्ट होती. चार दिवसांपूर्वी पारावर बसल्याबसल्या नाना सगळ्यांदेखत म्हणाले होते, "ही सुगी झाली की पोरगीचं कायमचं ठरवून टाकतो. माझ्या डोळ्यादेखत चांगल्या हातात पडली म्हंजे मी मोकळा." सगळे माझ्याकडं बघायला लागले होते. मी मान खाली घातली होती, पण मनातल्या मनात मृदंगाला नवी खोळसुद्धा शिवून टाकली होती. आमच्या गावात माझ्यासारखं वाजवणारं कुणी नव्हतं. वासरात लंगडी गाय शहाणी, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी भांडायला उठलो असतो.

हट्ट्याचा वादक म्हाळबा. मेंढरं राखायचा, थोडी शेतीही होती. तो मांडवात आला तेव्हा त्याच्या घोंगडीला मेंढरांचा वास येत होता आणि हाताचे पंजे एवढे मोठे, की मला मृदंगाची काळजीच वाटली. लहानपणापासून ढोल वाजवलेला माणूस, मृदंग मागाहून शिकलेला. मी कणीक लावली, त्यानं मृदंगाला हात लावून तो कपाळाला नेला, वाद्यांखालच्या लाकडी गठ्ठ्यांवर चार टोले मारून सूर लावला आणि सुरुवात केली.

ज्याला स्वतःची वस्तू दुसऱ्याच्या हातात बघावी लागली नाही, त्याला हे कसं सांगावं कळत नाही. तोच मृदंग. त्याच्या लाकडाची प्रत्येक गाठ मला पाठ. माझ्या हाताखाली तो नेमस्त बोलायचा, शहाण्यासारखा. म्हाळबाच्या डाव्या हाताखाली त्याच्यातून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकलाच नव्हता. मांडवाच्या बांबूंना तो जाणवत होता, माझ्या मांडीखालच्या जमिनीला जाणवत होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. एवढं होतं तिच्यात, मग मला कधी काहून दिलं नाही? असं मी एका लाकडाच्या वस्तूवर रुसलो. हात इतके शिवशिवत होते की मी ते मांड्यांखाली दाबून बसलो.

असे सहा दिवस. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. घरी खळं वाट बघत होतं, बायको एकटी कणसं खुडत होती, आणि मी इथं पाहुण्यासारखा बसून दुसऱ्याचं ऐकत होतो. त्यात म्हाळबाचा स्वभाव इतका गोड, की माणसाला भांडायलाही जागा ठेवत नसे.

"मुराळी, पोरगीला तकलीफ तर न्हाई ना देऊन राहिलो?"

"न्हाई."

"हात जड हाय माझा. जास्त झालं तर सांगत जावा, तुमी जाणकार."

जाणकार म्हणे! मी मान हलवायचो. त्यानं थोडी तरी मिजास दाखवली असती तर मी त्याला मनापासून शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. तो मला तेवढीही सोय करून देत नव्हता.

पाचव्या दिवशी कीर्तनकार बुवा भर कीर्तनात थांबले आणि हसून म्हणाले, "ही पोरगी आता हट्ट्यातच नांदू द्या." मांडव हसला. मीही दात दाखवले. पण कीर्तन उठल्यावर गावची दोन वडीलधारी माणसं माझ्याशेजारी येऊन टेकली. "काल्याचं कीर्तन झालं की आमी नानाकडं जाणार," त्यांतले एक म्हणाले. "हात बघूनच पोरगी द्यायची म्हणतेत ना ते? मग म्हाळबाचा हात बघा म्हणावं." मी "व्हय, बराबर हाय" म्हणालो. माझे कान तापले होते.

सातव्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. मी पिशवी उघडली, तर तळाशी मूठभर कणीक उरली होती. पातळ लावली असती तर पुरली असती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी उठलो आणि मांडवामागं गेलो. तिथं प्रसादाचा स्वयंपाक चालला होता, बायका परातींपुढं बसल्या होत्या. एकीला म्हणालो, "काकू, मूठभर पीठ द्या."

आमच्याकडं घरात गहू सणासुदीपुरता. पीठ म्हणजे ज्वारीचं. गव्हाचं असेल तर त्याला कणीक म्हणायचं, पीठ नाही. चार वर्षांच्या लेकरालाही यात घोळ होत नाही. मी पीठ मागितलं. काकूंनी हातातल्या भाकरीच्या पिठातलं मूठभर माझ्या पंच्यात टाकलं आणि विचारलंही नाही काहून पाहिजे. पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगून बघितलं, की घाई होती, जीभ घसरली. ऐकायला बरं वाटतं. पण जीभ घसरली असती तर मी ते पीठ उरलेल्या कणकेत इतकं काळजीनं मळलं नसतं.

गव्हाच्या चिकटपणात ज्वारी लपते, पण थोडाच वेळ. मी गोळा थापला. म्हाळबानं नेहमीसारखं विचारलं, "मुराळी, कणीक बराबर हाय ना?"

"व्हय," मी म्हणालो.

पहिला अर्धा तास मृदंग चांगला बोलला. ऊन वाढलं, मांडवावरचे डहाळे सुकून गेले होते, कवडसे थेट मृदंगावर पडत होते. दहीहंडीचा गजर सुरू झाला, टाळ चढले, सगळं गाव उभं राहिलं, आणि नेमक्या त्या वेळी कणकेला भेग गेली. मला ती आधी दिसली. मग एक खपली पडली, मग दुसरी, मग गोळाच सुटून म्हाळबाच्या मांडीवर पडला. घुमारा गेला. भोपळ्यावर थाप मारल्यासारखा टप टप आवाज यायला लागला. टाळकरी गोंधळले, गजर अडखळला, पुढचे लोक वळून बघायला लागले.

म्हाळबाचा उजवा हात थांबला नाही. डाव्यानं त्यानं मांडीवरचा तुकडा उचलला, बोटांनी चुरला आणि नाकाशी नेला. मग माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. त्याला सगळं कळलं होतं, आणि ते मला कळलं होतं. त्यानं तो चुरा मुठीत दाबला, पंच्यात टाकला, आणि राहिलेला गजर नुसत्या उजव्या अंगावर तोलून नेला.

"काय झालं रे?" कीर्तनानंतर कुणीतरी विचारलं.

"हात जोरात पडला माझा," म्हाळबा म्हणाला. "जड हाय ना."

"मेंढरं हाकायचा हात, मृदंगाला कसा चालंल?" एकजण म्हणाला आणि दोघंचौघं हसले. नानाकडं जायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मला हवं होतं ते सगळं झालं होतं. प्रसाद मात्र मी न खाताच उठलो.

मी खोळ बांधून निघालो तेव्हा म्हाळबा शिवारापर्यंत पोचवायला आला. वाटेत त्यानं कमरेची एक पुरचुंडी सोडून माझ्या हातात दिली. उघडली तर आत कणकेचा गोळा, गव्हाचा, मृदंगाच्या कातड्यावर फिरवून जरा मळकट केलेला.

"हे नानाला द्या," तो म्हणाला. "खरवड चुरून बघतेत ते, ठाऊक हाय मला. होळीच्या पोळीला गहू ठेवले व्हते थोडे. बायकोनं दळून दिले."

"काहून?" मी विचारलं.

"पोरगी तुमच्या गावची. तुमालाच मिळाली पाह्यजे. एका दिवसाच्या चुकीपायी तुमच्या हाताला बट्टा कशाला?" आणि मग म्हणाला, "मलाबी वाटलं व्हतं बरं का, मिळावी म्हणून. मग मी काय केलं असतं, कुणास ठाऊक."

एवढं बोलून तो मेंढरांकडं गेला. मी तीन कोस चाललो. दोन्ही बाजूंनी ज्वारी सळसळत होती आणि मला ती थांबावी असं वाटत होतं. तीन वेळा मृदंग खाली ठेवून पुरचुंडी सोडली, बघितली, पुन्हा बांधली. एकदा वाटलं नदीत फेकावी. एकदा वाटलं, आपण काय मागायला गेलो होतो? त्यानं आपणहून दिलं, घ्यावं.

नाना ओसरीवरच होते. त्यांनी मृदंगावरून हात फिरवला, पुरचुंडी मागितली, वाकड्या बोटांनी गोळा चुरला. बराच वेळ चुरला. "बराबर," म्हणाले. "जीव लावून सांभाळलंस. बसायलाबी शिकलास. आता काय बघायचं राह्यलं न्हाई. पोरगी आजपासून तुझी."

सहा-सात वर्षं मी या वाक्याची वाट बघितली होती. वाकून पाया पडायचं, एवढंच राहिलं होतं. मी म्हणालो, "नाना, ही कणीक माझी न्हाई."

आणि सगळं सांगितलं. पिठाचं, काकूंचं, होळीच्या गव्हाचं. प्रामाणिकपणाचा आव मी आणत नाही. म्हाळबानं मला चार माणसांत उघडं पाडलं असतं, तर मी खोटं रेटून बोललो असतो आणि मृदंग छातीशी धरून ठेवला असता. त्याच्या दयेचा मृदंग मात्र मला पेलवेना.

नानांनी ना शिवी दिली, ना चिलीम उगारली. उठून तो गोळा गायीला घातला, हात धुतले आणि म्हणाले, "ज्याची कणीक त्याची पोरगी. जा, पोचवून ये."

"सकाळी जातो नाना, ऊन लई—"

"आत्ता."

मी पुन्हा त्याच वाटेनं निघालो. मध्यावर एक लिंब आहे, अजूनही आहे. तिथं टेकलो. आसपास कुणी नव्हतं, मुराळ्याला अडवणारं तर कुणीच नव्हतं. मी खोळ सोडली आणि वाजवलं. खोटं कशाला सांगू? डाव्या अंगाला कणीक नव्हती, तेव्हा नुसत्या उजव्या अंगावर, येत होते तेवढे सगळे बोल वाजवले. आणि रडलो. इतका रडलो की खोळीनंच तोंड पुसावं लागलं. मग मृदंग बांधला, हट्ट्याला जाऊन म्हाळबाच्या दारात ठेवला आणि नानांचा निरोप सांगितला. तो घ्यायला तयार होईना. त्याची बायको पुढं आली, तिनं मृदंगावर कुंकवाचं बोट लावलं आणि तो आत नेला. मी पाणीसुद्धा न पिता परतलो.

मत्सर वाईट, असं कीर्तनातून शंभरदा ऐकलं होतं. पण त्याचं काम इतकं बारीक असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. तो एका शब्दाच्या जागी शेजारचा शब्द ठेवतो, बास. बाकी सगळं आपणच करतो.

नाना पुढच्या पावसाळ्यात गेले. मोगलाईचे ते शेवटचे दिवस, जिवाच्या भीतीनं घरंच्या घरं वऱ्हाडात निघून जात होती, तरी सुगी यायची तेव्हा आलीच, आणि गावानं सप्ता बसवायचं ठरवलं. वाजवणारा मी होतो, मृदंग नव्हता. कुणाकडं जायचं, याची चर्चासुद्धा झाली नाही. वर्षभर जी वाट मी चुकवत होतो तीच धरावी लागली. म्हाळबा मेंढवाड्यावर मेंढरं मोजत होता.

"पोरगी पाठवा," मी म्हणालो.

"घेऊन जावा की. तुमचीच हाय."

"मुराळी कोण?"

तो हसला. "तुमच्यासंगं मुराळी कशाला? तुमच्या घरातच तर वाढली ती."

त्याचा विश्वास होता की पुन्हा दया होती, कुणास ठाऊक. दोन्हींतलं काहीच मला नको होतं. "न्हाई," मी म्हणालो. "मुराळ्याबिगर मी हात लावणार न्हाई."

म्हाळबानं राहिलेली मेंढरं मोजून घेतली. मग मेंढरं बायकोवर सोपवून तो स्वतःच आला. सातही दिवस आमच्या मांडवात, मृदंगाशेजारी, हात मांड्यांखाली दाबून बसला. पहिल्या सकाळी त्यानं परातीत गोळा मळला आणि थापायच्या आधी माझ्यापुढं धरला.

"बघून घ्या," म्हणाला.

मी बघितलं नाही. "लावा," म्हटलं.